ड्राइव्ह कोणाच्या नावावर आहे?

नागपुरात बर्डीवर आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी १९७८ साली एका ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता ऑफसेट आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, शाळांची ओळखपत्रं, जे येईल ते छापतो. मशीन मागच्या शेडमध्ये आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, खाली तळघरात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वरच्या खोलीत कूलर लावूनही कॉम्प्युटर तग धरत नाहीत, म्हणून तेवढं काम सासऱ्यांच्याच काळात खाली हलवलं होतं.

२२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीचा पाऊस नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनात बसेस पाण्यात उभ्या होत्या. शनिवारी सकाळी हे शटर उघडायला गेले तेव्हा तळघराच्या पायऱ्यांपैकी वरच्या चारच दिसत होत्या. तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, आर्ट पेपरच्या रीमा, सगळं खाली. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो बॅकअपच्या हार्डडिस्कचा. दर शनिवारी न चुकता मी बॅकअप घ्यायची, अकरा वर्षं घेत होते. डिस्क कुठे होती? ज्या कॉम्प्युटरचा बॅकअप, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

पाणी उपसल्यावर आम्ही ती डिस्क धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि लावून बघितली. एक किरकिर झाली आणि थांबली. हे करायचं नसतं, हे मला नंतर कळलं. पाण्यात गेलेली डिस्क सुरू करायची नाही, उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवायची नाही, तशीच दुरुस्तीवाल्याकडे द्यायची. आत गाळ राहिलेला असतो आणि चकती फिरली की हेड त्या गाळासकट तिला खरवडतं. डेटा परत काढून देणाऱ्यांनी आमची डिस्क उघडून बघितली आणि परत पाठवली.

त्यात एक फाइल होती, तिच्यासाठी मी अजून हळहळते. सासऱ्यांनी हाताने काढलेला गणपती. बोरूने एका रेषेत काढलेला, सोंडेपासून सुरू होऊन मोदकापाशी संपणारा. त्याचा आधी छपाईचा ब्लॉक होता, २००९ साली आम्ही मूळ कागद स्कॅन करून फाइल केली. मूळ कागद वाळवीने खाल्ला. सासरे २०१४ साली गेले. आमच्याकडे पत्रिका छापलेली शेकडो घरं नागपूर-वर्ध्यात असतील, त्या सगळ्यांच्या पत्रिकेवर तोच गणपती आहे. फाइल मात्र कुठेच नव्हती.

तेव्हा ठरवलं की आता सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर गूगल ड्राइव्हमध्ये. आमचा ऑपरेटर हुशार मुलगा. "काकू, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? ड्राइव्हवर टाकून देतो ना सगळं." गिऱ्हाइकांच्या मेलमधून, पेनड्राइव्हवरून, प्लेट बनवून देणाऱ्यांकडच्या जुन्या पीडीएफमधून जे जे परत मिळालं ते त्याने त्याच आठवड्यात वर चढवायला घेतलं. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि तीसुद्धा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह अशी तिघांत मिळून. ती चार दिवसांत भरली. भरली की मेल येणंही बंद होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. गिऱ्हाइकाचा मजकूर येत नाही म्हणून आम्हीच एक दिवस वाट बघत बसलो होतो. मग त्याने महिन्याच्या पैशांवर जागा वाढवून घेतली, मी त्याला रोख दिले. दिवाळीपर्यंत सगळं रांगेला लागलं आणि मी निर्धास्त झाले.

जानेवारीत त्याला हैदराबादला चांगली नोकरी लागली. पेढे देऊन गेला. आठ दिवसांनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरने पासवर्ड विचारला. पासवर्ड माझ्याकडे होता, तो टाकला. मग गूगल म्हणालं, नंबरवर कोड पाठवलाय. नंबर त्याचा. त्याला फोन लावला तर बंद. तिकडे जाऊन त्याने नवीन सिम घेतलं होतं. दोन दिवसांनी त्याचा पत्ता लागला तेव्हा तोही हादरला. कारण जुना नंबर गेल्यावर त्यालाही आत शिरता येईना. नवीन शहर, नवीन फोन, नवीन नंबर. गूगलने त्याला ओळखलंच नाही.

माघातल्या लग्नांची कामं अर्धवट होती. सहा पत्रिकांचं प्रूफ मंजूर होऊन फाइल्स त्या बंद दाराच्या आत. आम्ही त्या सहाही नव्याने कंपोज केल्या, बटर पेपरवर प्रूफ काढून पुन्हा घरोघरी नेली. एका घरी वराच्या आजोबांनी चष्मा पुसत विचारलं, "हे तर मी तपासून दिलं होतं ना?" मला खोटं बोलवलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून सही केली.

तो ऑपरेटर मुलगा होळीला घरी आला, तेव्हा त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ते खातं उघडंच राहिलेलं निघालं. त्यावरून सगळं काढून घेतलं. दोन महिने गेले होते.

तो मुलगा प्रामाणिक होता, म्हणून तर हे लिहायला घेतलं. चोर असता तर माणसं म्हणाली असती, चोर भेटला. इथे कोणाचीच नियत वाईट नव्हती. खातं त्याच्या नावाचं, नंबर त्याचा, पैसे त्याच्या मोबाइलवरून भरलेले, आणि माल आमचा. दुकानाचं वीजमीटर आपण नोकराच्या नावावर घेतो का? मग गिऱ्हाइकांच्या अकरा वर्षांच्या फाइल्स आम्ही त्याच्या नावावर का ठेवल्या?

मी त्यानंतर बर्डी, गांधीबाग, इतवारीतल्या ओळखीच्या दुकानदारांना विचारत सुटले: तुमचा ड्राइव्ह कोणाच्या नावावर आहे? एका कापडवाल्या भाऊंचा मुलाच्या कॉलेजच्या मेलवर होता, जो कॉलेज संपलं की बंद होणार. एका लॅबवाल्या ताईंचा, दुकान सोडून गेलेल्या रिसेप्शनिस्टच्या जीमेलवर. आणि बऱ्याच जणांना प्रश्नच नीट कळला नाही. "कोणाच्या म्हणजे? गूगलचा आहे ना!"

शेअर केलेल्या फोल्डरबद्दल एक गैरसमज आहे तोही इथेच सांगते. फोल्डर माझा असला, आणि त्यात ऑपरेटरने आपल्या जीमेलवरून फाइल टाकली, तरी साध्या खात्यात ती फाइल मालकीने त्याचीच राहते. त्याने आपलं खातं बंद केलं तर त्याच्या फाइल्सही जातात. आता आम्ही छापखान्याच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेतलं आणि त्यावर गूगल वर्कस्पेसचं पैशाचं खातं. त्यात शेअर्ड ड्राइव्ह मिळतो, तिथे टाकलेली फाइल माणसाची नसते, संस्थेची असते. ॲडमिन मी आणि दुसरे हे. दोन ॲडमिन मुद्दाम, उद्या मी आजारी पडले किंवा माझा फोन रिक्षात राहिला तर काम अडू नये म्हणून. ऑपरेटरला त्याच्या कामापुरती चावी. काम सोडून गेला की त्याच संध्याकाळी खातं थांबवायचं, त्यात राग नाही की संशय नाही, दुकानाची किल्ली परत घेतो तसंच.

आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन. ते आम्हाला आडवं आलं होतं म्हणून काढून टाकावं असं ह्यांचं मत होतं. मी काढू दिलं नाही. नुसता पासवर्ड म्हणजे कडी, कुलूप नव्हे. आणि आपण सगळे एकच पासवर्ड दहा ठिकाणी लावतो, एका ठिकाणचा फुटला की दहाही गेले. फक्त आता कोड एसएमएसवर येत नाही, ऑथेंटिकेटर ॲपमध्ये येतो, त्यामुळे सिम बदललं तरी अडत नाही. ते ॲप माझ्या आणि ह्यांच्या, दोघांच्याही फोनमध्ये आहे. शिवाय गूगल आठ आकडी दहा कोड देतं, फोन हरवला तर वापरायला. एक कोड एकदाच चालतो. ते मी आमच्याच मॅपलिथो कागदावर छापून घेतले. एक कागद घरच्या कपाटात, पॉलिसीच्या फाइलमध्ये. दुसरा वर्ध्याला नणंदेकडे. वापरलेल्या कोडवर पेनाने काट मारायची. फोनवर कोणी "मॅडम, तुमचं स्टोरेज संपलं, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवायचा, हे दुकानात सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते.

आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात आणि जुलैत ओळखपत्रांची घाई असते. २०२४ च्या जुलैत एका शाळेचं चारशेच्या वर ओळखपत्रांचं काम होतं. मुलांची नावं, फोटो, जन्मतारीख, रक्तगट, घरचा पत्ता, पालकांचा नंबर, असा एकच तक्ता. नावांतल्या चुका तपासायला शिक्षिकेने लिंक मागितली. आमच्याकडून 'लिंक असलेला कोणीही' असं करून लिंक गेली, कारण ते सोपं असतं, समोरच्याला परवानगी मागावी लागत नाही. शिक्षिकेनेही सरळ मनाने ती वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आपापलं नाव बघा म्हणून. तिथून ती दुसऱ्या ग्रुपवर गेली.

रात्री साडेनऊला एका वडिलांचा फोन आला. तक्त्याच्या वर छापखान्याचं नाव आणि नंबर होता. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, माह्या पोरीचा फोटो, पत्ता, शाळा, नंबर, सगळं एका ओळीत दिसून राहिलं. हे अजून कोणाकोणाले दिसते?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथे लिंक बंद केली. पण तोवर किती जणांनी उघडली, कोणी उतरवून घेतली, हे कळायला मार्ग नव्हता. उघड्या लिंकवर नाव न सांगता येणाऱ्यांची ओळख कळत नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, मुख्याध्यापकांना भेटले, त्या वडिलांच्या घरीही गेले. मुलगी सातवीतली. दारात उभी राहून बघत होती.

पुराने आमचं नेलं होतं. हे दुसऱ्याचं होतं, आणि ते आम्ही उघड्यावर ठेवलं.

तेव्हापासून आमच्याकडे उघडी लिंक बंद. ज्या माणसाला दाखवायचं त्याच्या मेलवर, फक्त बघण्यापुरतं, आणि डाउनलोड बंद करून. परवानगी आपोआप संपण्याची तारीख घालता येते, ती घालतो, सहसा सात दिवस. मी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणता फोल्डर कोणाकोणाला दिसतो हे एकदा नजरेखालून घालते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तीन जुनी गिऱ्हाइकं आणि सोडून गेलेला एक बाइंडर अजून आतच होते. पालकांना तपासायला द्यायचं असेल तर वर्गशिक्षिकेकडे छापील प्रूफ जातं. हो, कागदावर. वेळ लागतो, लागू द्या. ओळखपत्रं पोचल्यावर तीस दिवसांनी तक्ता आणि फोटो आम्ही सगळीकडून पुसतो आणि शाळेला तसं लिहून देतो. मधल्या काळात तो तक्ता वर जातो तोसुद्धा सेव्हन-झिपने पासवर्ड घालून, आणि पासवर्ड मेलवर पाठवत नाही, फोनवर सांगतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो, आणि सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आमच्यासारख्याला तो आकडा डोळ्यांपुढे आणताही येत नाही. मला तर ती दारात उभी असलेली मुलगीच पुरे झाली.

पुसायचं काय आणि ठेवायचं काय, याचा मात्र विचार करून ठेवावा लागतो. जीएसटीची बिलं आणि हिशेब त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, त्यांना हात लावायचा नाही. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा चालू डेटा आम्ही सिंकच्या, म्हणजे आपोआप ड्राइव्हशी जुळत राहणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवत नाही, रात्री टॅली बंद करून तिचा बॅकअप काढतो आणि तो वर चढवतो. चालू फाइल अर्धी लिहिलेली असताना वर गेली तर उघडेलच असं नाही.

सिंकवरून आठवलं. २०२४ च्या दिवाळीआधी नव्या ऑपरेटर मुलीने मनापासून साफसफाई केली. झाडू मारला, पडदे धुतले आणि कॉम्प्युटरवरचा 'जुनं' नावाचा फोल्डरही उडवला. डिसेंबरच्या मध्याला २०२१ ची एक पत्रिका पुन्हा हवी म्हणून गिऱ्हाईक आलं. कॉम्प्युटरवर नाही, ड्राइव्हवरही नाही. ड्राइव्हची कचरापेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते, आणि आम्ही शोधायला गेलो पंचेचाळिसाव्या दिवशी.

माझा भाचा आयटीत आहे. तो म्हणाला, "मामी, तू ज्याला बॅकअप म्हणून राहिली ना, ते सिंक आहे." मला ते पटलं ते छापखान्याच्या भाषेत. प्लेटवर काना सुटला की हजार प्रतींत काना सुटतो. इथे पुसलं की तिथे पुसतं, इथे व्हायरसने फाइल्सना कुलूप लावलं की कुलूप लागलेल्याच फाइल्स वर जातात. जास्त प्रती असणं आणि वेगळी प्रत असणं यात फरक आहे.

त्या वेळी आम्हाला डिस्कने वाचवलं. तीच सवय, शनिवारचा बॅकअप, मी सोडली नव्हती. फक्त आता डिस्का दोन आहेत, आलटून पालटून घेते, आणि त्या तळघरात नाही तर त्रिमूर्तीनगरला घरी असतात, कॉपी झाली की वायर काढून. भाच्याने सांगितलं की याला ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. हे सूत्र लोकांपुढे मांडलं पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने, म्हणजे आपल्याच शेजारच्या धंद्यातल्या माणसाने, हे ऐकून बरं वाटलं.

"पण मग क्लाउड असताना डिस्क कशाला?" असं हे विचारायचे. भाच्याने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, अख्खी इमारत गेली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांचं दोन्ही गेलं. हे ऐकून हे गप्प झाले. आमच्या ड्रॉवरसारखंच की ते. दुसरी गोष्ट मे २०२४ ची. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा खास त्यांच्यासाठीचा भाग गूगलच्याच सेटिंगमधल्या चुकीने पुसला गेला. सहा लाखांवर सभासद, आठवडाभर खातं बघता येईना. त्यांनी एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, तिचा मोठा आधार झाला. एवढ्या मोठ्यांना जे लागतं ते आपल्याला का नको, यावर ह्यांनी स्वतः जाऊन दुसरी डिस्क आणली.

घेतलेला बॅकअप परत उघडून बघायचा असतो, हे आम्ही सगळ्यात उशिरा शिकलो. पहिल्या शनिवारी मी घरच्या लॅपटॉपवर कुठल्याही वर्षाची एक फाइल उतरवते. पहिल्याच खेपेला २०१७ ची पत्रिका काढली. फाइल होती, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, आणि सगळा मजकूर म्हणजे उलट्यासुलट्या चिन्हांचे ढीग. श्रीलिपीचा तो जुना फॉन्ट लॅपटॉपवर नव्हता. फाइल सुखरूप आणि वाचता एक शब्द येत नाही. मग फॉन्टचा फोल्डर, सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे कागद हेही बॅकअपमध्ये घेतले, आणि आता प्रत्येक पत्रिकेची मूळ फाइल, अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून त्यांची चित्रं करून, एक, आणि पीडीएफ, अशा तिन्ही ठेवतो.

मागच्या वर्षी वैशाखात एक बाई आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी स्वतःच्या लग्नाची पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती, १९९६ ची, हळदीचं बोट अजून कोपऱ्यावर. "असाच गणपती पाहिजे," म्हणाल्या. मी पत्रिका हातात घेतली आणि काउंटरमागे खाली बसले.

त्यांच्याकडून ती एका दिवसासाठी मागून घेतली. बाराशे डीपीआयवर स्कॅन केली. कागद दाणेदार, त्यामुळे सोंडेच्या वळणावर रेष दोन ठिकाणी तुटली आहे. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "ताई, जोडून देऊ का?" मी म्हटलं, एक जोडलेली कर आणि एक अशीच ठेव.

दोन्ही ड्राइव्हवर आहेत, दोन्ही डिस्कांवर आहेत, आणि एक प्रिंट वर्ध्याला कोडच्या कागदाशेजारी. पहिल्या शनिवारी दुसरी कुठली फाइल उघडायची ते मी त्या दिवशी ठरवते. ही मात्र दर वेळी उघडते, तुटलेली रेष आहे तीच.